तारा, तारांकन आणि मूळ अर्थाचा अधिकार

१

शब्दाचे मूळ सांगून विचाराचा निकाल लावण्याची पद्धत फार जुनी आहे. एखाद्या संकल्पनेविषयी वाद उपस्थित झाला की कोणीतरी कोश उघडतो, धातू शोधतो, उपसर्ग वेगळा काढतो आणि शब्दाचा ‘खरा’ अर्थ हाती आल्याच्या समाधानात वाद मिटवतो. मराठी समीक्षेला हा प्रकार अपरिचित नाही. ‘साहित्य’ हा शब्द ‘सहित’ या शब्दापासून आला. भामहाच्या काव्यव्याख्येत हे सहितत्व शब्द आणि अर्थ यांचे आहे. परंतु ‘सहित’ची ‘स-हित’, म्हणजे हितासह, अशी फोड करून साहित्याने समाजाचे हित साधलेच पाहिजे, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. साहित्याचा आणि समाजहिताचा संबंध काय असावा हा गंभीर प्रश्न आहे. मात्र त्याचे उत्तर एका समासाच्या विग्रहात अगोदरच ठरून गेलेले असते काय, हा त्याहून वेगळा आणि तितकाच गंभीर प्रश्न आहे.

पाश्चात्त्य विचारपरंपरेत या पद्धतीला तिच्या नावानेच प्रतिष्ठा मिळवून दिली. व्युत्पत्तिशास्त्रासाठी ग्रीकांनी वापरलेल्या संज्ञेत ‘एतुमोस’ म्हणजे ‘खरा’ हा शब्द आहे. शब्दाचे मूळ सांगणे म्हणजे त्याचे सत्य सांगणे, असा दावा त्या नावातच अंतर्भूत आहे. फ्रेंच समीक्षक झाँ पोलाँ यांनी १९५३ मध्ये ‘व्युत्पत्तीचा पुरावा’ या विषयावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले आणि नेमक्या याच दाव्याची उलटतपासणी केली. व्युत्पत्ती स्वतःची जाहिरात स्वतःच्या नावाने करते, हा त्यांचा आक्षेप मार्मिक आहे. परंतु एवढ्याने प्रश्न संपत नाही. व्युत्पत्ती हा पुरावा नव्हे हे मान्य केले, तरी शब्दाच्या भूतकाळाशी वर्तमान अर्थाचे काही नाते असते की नाही, आणि असल्यास ते नाते वापरणाऱ्यावर कोणते बंधन घालते, हे ठरवावेच लागते.

या प्रश्नाच्या परीक्षेसाठी लॅटिन भाषेतील तारावाचक शब्दांचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. युरोपीय भाषांतील इच्छा, विचार, प्रभाव आणि अनर्थ यांसाठीचे काही महत्त्वाचे शब्द याच ताऱ्यांकडे बोट दाखवतात. साहजिकच तत्त्वज्ञांनी आणि समीक्षकांनी त्या बोटाचा पुराव्यासारखा उपयोग केला आहे.

२

लॅटिनमध्ये ताऱ्यासाठी तीन शब्द होते: ‘स्तेल्ला’, ‘सिदुस’ आणि ‘आस्त्रुम’. सातव्या शतकात आपला प्रचंड व्युत्पत्तिकोश तयार करणारा सेव्हिलचा बिशप इसिदोर याने त्यांच्यातील भेद नीटसपणे मांडला आहे. ‘स्तेल्ला’ म्हणजे एकटा तारा, ‘सिदुस’ म्हणजे कृत्तिकेसारखा अनेक ताऱ्यांचा समूह, आणि ‘आस्त्रुम’ म्हणजे मोठे, ठळक तारे. प्रत्यक्ष लॅटिन वाङ्मयात हा भेद इतक्या काटेकोरपणे पाळलेला दिसत नाही. कवी आपल्या वृत्ताच्या सोयीनुसार तिन्ही शब्द वापरतात. ‘आस्त्रुम’ हा ग्रीकमधून घेतलेला शब्द आहे. ‘स्तेल्ला’ हा मात्र लॅटिनचा वडिलोपार्जित शब्द असून ग्रीक ‘आस्तेर’, पर्शियन ‘सितारा’, इंग्रजी ‘स्टार’ आणि ऋग्वेदातील ‘स्तृभिः’ हे रूप हे सर्व त्याचे सगोत्र आहेत. ऋग्वेदातच आरंभीचा सकार गळालेले ‘तारः’ हे अनेकवचनही आढळते आणि संस्कृत-मराठीतील ‘तारा’ त्याच कुळातील आहे.

या शब्दाचे मूळ प्राचीनांनी कसे सांगितले, हे पाहण्यासारखे आहे. प्लेटोच्या ‘क्रातिलस’ संवादात सॉक्रेटिस ग्रीक शब्दाचा संबंध विजेच्या नावाशी जोडतो आणि विजेचे नाव डोळे वर वळवण्याच्या क्रियेशी. यास्काच्या ‘निरुक्ता’त ‘स्तृ’ म्हणजे जणू पसरून ठेवलेले, अंथरलेले. इसिदोरच्या मते ‘स्तेल्ला’ हा शब्द उभे राहण्याच्या क्रियेवरून आला, कारण तारे आकाशात स्थिर उभे असतात, खाली पडत नाहीत. एका कुळातील शब्दाची ही तीन मुळे परस्परांशी जुळत नाहीत. एकाला ताऱ्यांत दृष्टी खेचून घेणारे तेज दिसते, दुसऱ्याला विखुरलेले वैभव, तिसऱ्याला अढळ शिस्त. व्युत्पत्ती सांगणारा शब्दाचे सत्य सांगतो की आपल्या आकाशाचे वर्णन करतो, हा संशय येथेच उत्पन्न होतो.

तथापि हा संशय आधुनिक शोध नव्हे. यास्कानेच आपल्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात गार्ग्याचा आक्षेप नोंदवला आहे. सर्व नामे धातूंपासून निघाली असे शाकटायन आणि नैरुक्त मानतात; गार्ग्य आणि काही वैयाकरण ते मानत नाहीत. गार्ग्याचा युक्तिवाद साधा आहे. मार्ग व्यापतो म्हणून घोड्याला ‘अश्व’ म्हणावयाचे, तर मार्ग व्यापणाऱ्या प्रत्येकालाच अश्व म्हणावे लागेल. टोचते म्हणून ‘तृण’, तर टोचणारे सर्वच तृण ठरेल. म्हणजे नाव देण्याचे निमित्त आणि नावाचा अर्थ या दोन गोष्टी एक नाहीत. यास्काने या आक्षेपाला उत्तर दिले आणि तो शाकटायनाच्या पक्षात राहिला. पण प्रतिपक्षाचा मुद्दा त्याने जतन करून ठेवला, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

३

‘सिदुस’ या शब्दापासून दोन क्रियापदे निघाली, असे रोमन कोशकार फेस्तुस याने दुसऱ्या शतकात निःशंकपणे सांगितले: ‘कोन्सिदेरारे’ आणि ‘देसिदेरारे’. पहिल्यापासून इंग्रजी ‘कन्सिडर’ आले, दुसऱ्यापासून फ्रेंचमार्गे ‘डिझायर’. विचार करणे म्हणजे ताऱ्यांच्या सान्निध्यात त्यांचे निरीक्षण करणे, आणि इच्छा करणे म्हणजे ताऱ्यांपासून दुरावणे, त्यांची वाट पाहणे, त्यांची उणीव भासणे. ही जोडी इतकी सुबक आहे की आधुनिक चिंतनाला तिचा मोह पडला नसता तरच नवल. इच्छा ही मुळात अभावाची जाणीव आहे, हा विचार प्लेटोच्या ‘सिंपोझियम’पासून चालत आलेला आहे आणि विसाव्या शतकातील मनोविश्लेषणाने त्याला नवे रूप दिले. शब्दाचे मूळ त्या सिद्धांताच्या बाजूने साक्ष देते, असे म्हणणे सोपे होते.

परंतु साक्षीदाराची उलटतपासणी घेतली तर काय आढळते? फेस्तुसची खात्री ही त्याच्या काळातील विद्वानाची खात्री आहे. आधुनिक भाषाशास्त्रात ‘सिदुस’च्या मुळाविषयी एकमत नाही. एक मत ते चकाकण्याच्या अर्थाच्या धातूशी जोडते. दुसऱ्या मतानुसार या शब्दाचा जुना अर्थ ‘लक्ष्य’ किंवा ‘नेमके गाठावयाचे ठिकाण’ असा असावा आणि संस्कृतातील ‘सिध्’ हा त्याचा सगोत्र असावा. हे दुसरे मत स्वीकारले तर ‘कोन्सिदेरारे’ म्हणजे लक्ष्यावर नजर ठेवणे आणि ‘देसिदेरारे’ म्हणजे लक्ष्य नजरेआड झाल्याची जाणीव. मग या दोन्ही क्रियापदांत तारा कधी नव्हताच. इच्छेच्या अभाववादी सिद्धांताचे त्यामुळे काय बिघडले? काहीच नाही. सिद्धांत तारा असतानाही तेवढाच बलवान वा दुर्बल होता जेवढा तो तारा नसताना आहे. याचाच अर्थ असा की, ज्याला आधार समजले जात होते तो अलंकार होता.

मुळाकडून वापराकडे वळले की मात्र अधिक भरीव काही हाती येते. इ. स. पू. ५२ मध्ये गॉलमधील गेर्गोव्हियाच्या लढाईत सीझरच्या सैन्याची मोठी हानी झाली. त्या दिवशीची संख्या नोंदवताना तो लिहितो की सातशेहून किंचित कमी सैनिक ‘देसिदेराती’ होते. हे क्रियापदाचे कर्मणी रूप. हजेरी घेतली तेव्हा जे सापडले नाहीत, ज्यांची उणीव भासली, ते. हा लष्करी हिशेबातील नेहमीचा शब्दप्रयोग आहे. त्यात आकाश नाही, रात्र नाही. तरीही अभाव, मोजणी आणि हाक या तिन्हींचे जे नाते येथे दिसते ते ताऱ्याच्या व्युत्पत्तीपेक्षा इच्छेविषयी अधिक काही सांगते. ज्याचे नाव घेतले गेले आणि ज्याने ओ दिली नाही, त्याची उणीव असते. ज्याचे नाव कोणाच्याच यादीत नव्हते त्याची उणीव या अर्थाने भासत नाही. सीझर आपल्या सैनिकांसाठी हा शब्द वापरतो. अभावाची जाणीवही वाटून दिलेली असते आणि ती वाटणी राजकीय असते, हा बोध मुळातून मिळत नाही. तो उपयोगाच्या इतिहासातून मिळतो.

४

‘स्तेल्ला’ या शब्दाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. इ. स. ३९०च्या सुमारास संत जेरोम याने हिब्रू विशेषनामांच्या अर्थांचा एक कोश लॅटिनमध्ये सिद्ध केला. त्यात मरियम या नावाचा एक अर्थ त्याने ‘स्तिल्ला मारिस’ असा दिला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हिब्रूत ‘मर’ म्हणजे थेंब आणि ‘याम’ म्हणजे समुद्र. म्हणून ‘समुद्राचा थेंब’. परंतु हस्तलिखितांच्या परंपरेत ‘स्तिल्ला’चे ‘स्तेल्ला’ झाले आणि थेंबाचा तारा झाला. नकलनवीस निष्काळजी होता असे म्हणून हे झटकून टाकता येत नाही. उत्तरकालीन बोलभाषेतील लॅटिनमध्ये ऱ्हस्व इ आणि दीर्घ ए हे स्वर उच्चारात एकरूप होत गेले. कानाला थेंब आणि तारा यांतील भेद उरला नव्हता. लेखणीने कानाचे ऐकले.

पुढे जे घडले ते सर्वज्ञात आहे. मेरी ही ‘समुद्रतारा’ झाली. ‘आवे मारिस स्तेल्ला’ हे स्तोत्र नवव्या शतकातील हस्तलिखितात मिळते. बाराव्या शतकात क्लेअरव्होच्या बर्नार्डने आपल्या प्रवचनात वादळात सापडलेल्या माणसाला या ताऱ्याकडे पाहण्याचा उपदेश केला. खलाशांच्या वस्त्यांतील प्रार्थनागृहांना हे नाव मिळाले. कित्येक शतके कित्येक माणसांनी बुडण्याच्या भयात एका लेखनदोषाचा धावा केला.

येथे नैतिक प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो. संशोधकाने हा दोष दाखवून दिल्यानंतर ‘समुद्रतारा’ हा अर्थ खोटा ठरतो काय? मूळ अर्थाला अधिकार आहे असे मानणाऱ्याला ‘होय’ म्हणणे भाग आहे. त्याच्या दृष्टीने थेंब खरा आणि तारा खोटा. पण थेंबाचा अर्थ तरी खरा कोठे होता? मरियम या नावाच्या मुळाविषयी आजही मतभेद आहेत, आणि जेरोमने केलेली फोड ही त्या काळच्या पद्धतीची, ध्वनिसाम्यावर आधारलेली फोड होती. म्हणजे चुकीच्या मागे सत्य नाही, आणखी एक कल्पना आहे. दुसऱ्या बाजूने, अर्थ हा केवळ वापराने ठरतो असे मानणारा म्हणेल की चूक असो वा नसो, शतकानुशतकांच्या वापराने अर्थ सिद्ध झाला. हे उत्तर अधिक समंजस असले तरी तेही अपुरे आहे. कारण वापराने अर्थ सिद्ध होतो; वापराने वस्तुस्थिती सिद्ध होत नाही. ‘मेरीला समुद्रतारा म्हणतात’ हे विधान खरे आहे. ‘मरियम या हिब्रू नावाचा अर्थ समुद्रतारा आहे’ हे विधान खरे नाही. भक्ताला पहिले विधान पुरते. दुसरे विधान पहिल्याला आधार म्हणून जो पुढे करतो, त्याने मात्र सत्याशी व्यवहार केला आहे आणि त्याला सत्याचे नियम लागू होतात.

या संदर्भात भारतीय परंपरेतील ‘तारा’ या देवतेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ऐतिहासिक भाषाशास्त्राच्या दृष्टीने तारावाचक शब्द वेगळा आणि पलीकडे जाणे या अर्थाचा ‘तॄ’ हा धातू वेगळा. परंतु बौद्ध परंपरेत तारा या देवतेच्या नावाचा अर्थ ‘तारणारी’ असा सांगितला जातो. अष्टमहाभयांपासून ती भक्ताला सोडवते आणि त्या भयांत जलभयही आहे. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराच्या भोवती अशीच संकटे कोरलेली आहेत आणि त्यांत बुडणारे जहाज आहे. मराठीत ‘तारा’, ‘तारणे’ आणि ‘तारू’ हे शब्द एकमेकांच्या इतके निकट आहेत की रात्री समुद्रावर असलेल्या माणसाला त्यांची कुळे निराळी असल्याची जाणीव होण्याचे कारण नाही. भूमध्य समुद्राच्या काठी एका स्वरभेदाच्या लोपाने जे घडले ते येथे दोन शब्दांच्या ध्वनिसाम्याने घडले. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन अपघातांनी एकाच गरजेला वाट करून दिली. यावरून मुळाविषयी काही सिद्ध होत नाही. गरजेविषयी मात्र बरेच काही कळते.

५

तिसरा शब्द ‘आस्त्रुम’. त्याच्यापासून इटालियन ‘दिसास्त्रो’ आणि सोळाव्या शतकात फ्रेंच ‘देझास्त्र’ तयार झाला. इंग्रजी ‘डिझास्टर’ त्याच कुळातला. प्रतिकूल ताऱ्यामुळे ओढवलेले अरिष्ट, हा त्याचा मूळ आशय. येथे व्युत्पत्तीविषयी फारसा वाद नाही. म्हणून मुळाच्या अधिकाराची खरी कसोटी याच शब्दाने लागते.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. पुढील वर्षी व्हॉल्तेअरने त्यावर प्रसिद्ध केलेल्या दीर्घकाव्याच्या शीर्षकात ‘देझास्त्र’ हा शब्द आहे. व्हॉल्तेअर ज्योतिषावर विश्वास ठेवणारा नव्हता. त्याच्या शब्दातला तारा केव्हाच मावळला होता. त्याचा रोख आहे तो जगात सर्व काही ठीक आहे असे मानणाऱ्या आशावादी तत्त्वज्ञानावर. १८ ऑगस्ट १७५६ च्या पत्रात रूसोने त्याला दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. सहा-सात मजल्यांची वीस हजार घरे निसर्गाने तेथे एकत्र उभारली नव्हती, असे त्याने व्हॉल्तेअरला सुनावले. रूसोने शब्दाची फोड केली नाही. त्याने घरांची उंची आणि संख्या सांगितली. अरिष्टाची जबाबदारी आकाशाकडून जमिनीवर आणण्याचे काम त्या दोन आकड्यांनी केले.

या उदाहरणाच्या प्रकाशात एक आधुनिक प्रसंग पाहता येईल. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायूची गळती झाली आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पीडितांच्या दाव्यांसंबंधी संसदेने १९८५ मध्ये जो अधिनियम केला त्याच्या इंग्रजी शीर्षकात ‘डिझास्टर’ हाच शब्द आहे. माणसांनी बांधलेल्या, माणसांनी चालवलेल्या कारखान्यातील घटनेला हा शब्द लावला, तेव्हा कर्ता वाक्यातून निघून गेला, असा आक्षेप घेता येतो. तो आक्षेप रास्तही आहे. पण तो कशाच्या बळावर रास्त आहे, हे नीट पाहिले पाहिजे. ‘डिझास्टर’मध्ये तारा दडलेला आहे, म्हणून हा शब्द दोषींना मोकळे सोडतो, असे म्हणणे हा पुन्हा व्युत्पत्तीचाच पुरावा झाला, केवळ उलट दिशेने. ज्या मराठी शब्दाने त्याचे भाषांतर होते त्या ‘आपत्ती’त एकही तारा नाही, तो ‘येऊन पडणे’ या क्रियेवरून आलेला आहे. तरीही ‘नैसर्गिक आपत्ती’ किंवा ‘दैवी आपत्ती’ म्हणताना कर्ता तितक्याच सहजपणे नाहीसा होतो. दोष मुळात नाही. ज्या वाक्यांत, ज्या कायद्यांत, ज्या वृत्तांतांत तो शब्द कर्त्याच्या जागी बसवला जातो, त्या योजनेत तो आहे.

याच्या उलट उदाहरण ‘इन्फ्लुएन्झा’चे. ताऱ्यांचा प्रवाह माणसाच्या देहात उतरतो आणि त्याला रोगी करतो, ही कल्पना या इटालियन नावात आहे. १७४३ च्या साथीबरोबर ते इंग्रजीत आले. १९१८ मध्ये हिंदुस्थानात या रोगाने एक कोटीहून अधिक माणसे मेली. १९३३ मध्ये माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू संशोधकांनी वेगळा केला, पण नाव बदलले नाही आणि बदलण्याची आवश्यकताही वाटली नाही. रोगाचे कारण त्याच्या नावात शोधण्याची इच्छा वैद्यकाला कधी होत नाही. मराठीतील ‘तारांबळ’ हा शब्दही लग्नाच्या मुहूर्तावरील ‘ताराबला’च्या उच्चारातून आला, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. परंतु कोणाची तारांबळ उडालेली पाहून त्याच्या पत्रिकेतील ताऱ्यांचे बळ कोणी तपासत नाही. इच्छा, विचार, साहित्य, संस्कृती अशा शब्दांच्या बाबतीतच मुळाचा मोह का पडावा? कदाचित या संकल्पनांना विषाणूसारखे सूक्ष्मदर्शकाखाली धरता येत नाही, म्हणून. जेथे पुरावा मिळणे कठीण असते तेथे मूळ हा पुरावा वाटू लागतो.

६

मग शब्दाचा इतिहास समीक्षेतून बाद करावा काय? सोस्यूरच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी एककालिक आणि कालक्रमिक अभ्यासांची जी फारकत केली, तिचा एक परिणाम असा झाला की शब्दाचा भूतकाळ हा त्याच्या अर्थाला अप्रस्तुत मानला जाऊ लागला. भाषाव्यवस्थेच्या अभ्यासासाठी ही शिस्त आवश्यक होती. वाङ्मयाच्या अभ्यासात मात्र ती जशीच्या तशी लागू करता येत नाही, कारण लेखकांना आणि वाचकांना शब्दांचे पूर्वायुष्य ठाऊक असते आणि ते त्याचा उपयोग करतात. मॉरिस ब्लाँशो यांनी १९८० मध्ये ‘देझास्त्र’ या शब्दाला केंद्रस्थानी ठेवून खंडशः चिंतनाचा ग्रंथ लिहिला. तेथे ताऱ्यापासून विलग होणे हा अर्थ येतो, आणि त्याच ग्रंथात व्युत्पत्तीच्या अधिकाराविषयी साशंकताही येते. तारा तेथे सिद्धांताचा पुरावा म्हणून उभा नाही. चिंतनाला हालचाल देणारी एक प्रतिमा म्हणून आहे. हा उपयोग वैध आहे, कारण तो स्वतःविषयी खोटे सांगत नाही.

वाल्टर बेंजामिन यांची मांडणी या ठिकाणी अधिक उपकारक ठरते. जर्मन शोकनाट्याच्या उगमावरील त्यांचा प्रबंध विद्यापीठीय मान्यतेवाचून राहिला आणि १९२८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत दोन कल्पना आहेत. पहिली अशी की, उगम ही ऐतिहासिक कोटी असली तरी उत्पत्तीशी तिचा संबंध नाही. उगम हा होत जाण्याच्या प्रवाहातील भोवरा आहे. दुसरी कल्पना नक्षत्राची: ताऱ्यांशी नक्षत्राचे जे नाते, तेच वस्तूंशी कल्पनांचे. नक्षत्रातील तारे परस्परांपासून अफाट अंतरावर असतात, त्यांचा प्रकाश वेगवेगळ्या काळी निघालेला असतो. त्यांना जोडणारी रेषा आकाशात नाही, पाहणाऱ्याच्या स्थानावरून ती दिसते. तरीही ती मनमानी नव्हे, कारण तारे जेथे आहेत तेथेच आहेत. त्याच सात ताऱ्यांत ग्रीकांनी अस्वल पाहिले, रोमनांनी नांगराचे सात बैल पाहिले, भारतीयांनी सप्तर्षी पाहिले. आठवा तारा मात्र सोयीसाठी कोणी आणून बसवला नाही.

शब्दाच्या अर्थांकडे याच दृष्टीने पाहता येते. जेरोमचा थेंब, नकलनवीसाचा तारा, बर्नार्डचे वादळ, सीझरची हजेरी, फेस्तुसची खात्री हे सर्व वेगवेगळ्या काळांचे प्रकाशबिंदू आहेत. त्यांतील सर्वांत जुना बिंदू म्हणजे आकृतीचे रहस्य, असे मानण्याचे कारण नाही. समीक्षक त्यांना जोडून आकृती दाखवतो. ती दाखवण्याचा त्याला अधिकार आहे. एकच बंधन त्याच्यावर आहे: काय सापडले आणि काय जोडले, हे त्याने वेगळे ठेवले पाहिजे.

७

हे वेगळे ठेवण्यासाठी विद्वानांनी फार पूर्वी एक चिन्ह निर्माण केले, आणि योगायोग असा की ते चिन्हही तारा आहे. ग्रीकमध्ये ‘आस्तेरिस्कोस’ म्हणजे छोटा तारा. अलेक्झांड्रियाच्या पाठचिकित्सकांनी त्याचा उपयोग केला. तिसऱ्या शतकात ओरिगेन याने बायबलच्या पाठांची तुलना करताना, हिब्रूत असलेला पण ग्रीक भाषांतरात नसलेला मजकूर या चिन्हाने दाखवला. जेरोमने ही पद्धत स्वीकारली आणि तिचे स्पष्टीकरण देताना या चिन्हाला लॅटिनमध्ये ‘स्तेल्ला’च म्हटले, जे अगोदर उणे होते ते हा तारा उजळून दाखवतो, असा त्याचा आशय आहे. ज्याच्या थेंबाचा पुढे तारा झाला, तोच विद्वान उणीव झाकण्याऐवजी तारा लावून ती उघड करावी असे सांगत होता.

एकोणिसाव्या शतकात आउगुस्ट श्लायशर याने हेच चिन्ह तौलनिक भाषाशास्त्रात रूढ केले. जे रूप कोणत्याही ग्रंथात, शिलालेखात सापडलेले नाही, सगोत्र शब्दांवरून ज्याचे केवळ अनुमान केले आहे, त्याच्या आधी तारा लावावयाचा. ‘स्तेल्ला’, ‘सितारा’ आणि ‘तारा’ यांच्या समान पूर्वजाचे रूप म्हणूनच ‘*स्तेर’ असे तारा लावून लिहितात. ताऱ्याच्या मूळ शब्दापाशी पोहोचल्यावर जो तारा दिसतो तो आकाशातला नसतो. येथून पुढे पुरावा नाही, असे सांगणारी ती खूण असते.

शब्दाच्या मुळावर नैतिक वा वाङ्मयीन सिद्धांत उभारणारे लेखन बहुधा हा तारा वगळते. अनुमानाला वस्तुस्थितीचा पोशाख चढतो, आणि ज्या निर्णयाची जबाबदारी लिहिणाऱ्याने घ्यावयास हवी ती तो धातूवर टाकतो. साहित्याने समाजाचे हित साधावे असे ज्याला वाटते त्याने ते आपले मत म्हणून, कारणे देऊन मांडावे. इच्छा म्हणजे अभाव असे ज्याला वाटते त्यानेही तेच करावे. मुळामागे उभे राहून बोलणारा प्रतिपक्षाला बोलण्याची संधीच ठेवत नाही, कारण धातूशी कोणी वाद घालू शकत नाही. गार्ग्याचा आक्षेप नोंदवून मगच आपले मत मांडणाऱ्या यास्काने ही संधी ठेवली होती. त्याच्या अनेक व्युत्पत्ती आज टिकत नाहीत, पण ही रीत टिकते.

महाराष्ट्राच्या विधिमंडळात आणि संसदेत ‘तारांकित प्रश्न’ असा एक प्रकार आहे. ज्या प्रश्नावर तारा असतो त्याचे तोंडी उत्तर संबंधित मंत्र्याला सभागृहात उभे राहून द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. तारा नसलेल्या प्रश्नाचे लेखी उत्तर पटलावर ठेवले की काम भागते. शब्दाच्या मूळ अर्थाचा उल्लेख समीक्षेत यावयाचा असेल तर तो असा तारांकित यावा. तो सांगणाऱ्याने उभे राहावे, आणि उपप्रश्नांची तयारी ठेवावी.